कमळाचं मळकं पान

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या एका शाळेत विज्ञानशिक्षकाच्या जागेसाठी मला नमुना पाठ द्यायचा होता. विषय शाळेनेच दिला होता, आपलं राष्ट्रीय फूल. पाठ पसंत पडला तर नोकरी, नाहीतर गावाकडची बस. घरात पदवीधर झालेला मी पहिलाच. माझ्यासाठी थोरल्या बहिणीने शाळा सोडून शिवणयंत्र धरलं होतं. तिला काय सांगणार?

माझ्या घरमालकीणबाई पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरच्याच मराठी घरातल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्या दिवशी पूजेच्या फुलांबरोबर त्यांनी माझ्यासाठी एक कमळ आणलं, कमळाच्याच पानात गुंडाळलेलं.

"असं मिटलेलं फूल घेऊन निघालास काय रे मास्तरा? स्वल्प थांब!" म्हणत त्यांनी एकेक पाकळी आत दुमडून फूल उमलवलं.

आमच्या कोरड्या तालुक्यात मी कमळ पाहिलं होतं ते शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं. फूल ज्यात गुंडाळलं होतं ते पान चुरगळलं होतं, धुळीने माखलं होतं. शाळेच्या हौदात तशीच गोल, चकचकीत पानं तरंगताना दिसली. शिपायाला विचारून एक तोडलं आणि मळकं पान पिशवीत कोंबलं.

मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसल्या. माझं इंग्रजी तालुक्याच्या कॉलेजातलं, प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून बोलत होतो. लक्ष्मी कमळावर, बुद्ध कमळावर, मशिदींच्या घुमटांच्या माथ्यावरही कमळाच्या दगडी पाकळ्या.

"म्हणजे हे फूल एकट्या कुणाचं नाही," मी म्हणालो. "आणि चिखलात उगवून चिखल लावून घेत नाही, म्हणून देशाला ते आपलं वाटलं. त्याच्या पानावर पाणीसुद्धा थांबत नाही. बघा."

मी पाणी ओतलं. ते पानभर पसरलं आणि तिथेच राहिलं.

"सर, ओलं झालं," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. वर्ग खिदळला. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून हातात घेतला.

पुन्हा ओतलं. पुन्हा तेच. पान उचललं तेव्हा दिसलं, कडेपासून देठापर्यंत त्याला चीर होती. अक्कांच्या पानाला चीर नव्हती.

"हे कमळाचं पान नाही, कुमुदाचं आहे," मी म्हणालो. "मी चुकीचं आणलं."

हसणं थांबलं. पिशवीतून मळकं पान काढून उलगडलं. त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. थेंब पाऱ्यासारखे धावले आणि धूळ घेऊन फरशीवर पडले. त्यांच्या वाटेवर हिरवा पट्टा स्वच्छ निघाला.

"सर, परत!"

मुलं बाकांवर चढली. मुख्याध्यापिका त्यांच्यातून वाट काढत पुढे आल्या.

"हे आधीच का नाही दाखवलंत?"

"मळकं होतं, मॅडम."

त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला आणि स्वतः पानावर पाणी ओतलं. मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "बाकांवरून उतरा. सोमवारपासून हेच सर तुम्हाला शिकवणार आहेत."