बापूकाकांवरची तिसरी कारवाई

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही, असं आमच्या शिस्त समितीत ठरलं आहे. पण किस्से फणसाच्या आठळ्यांसारखे साठत जातात. टाकवत नाहीत, आणि एकटीने किती खाणार?

आमचं भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं एक ॲप आहे. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना उघडा आणि पगार कुणालाच नाही. मी त्यातली चित्रं काढते. समिती नेमायची होती तेव्हा ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळे एकदम भांडत होते आणि मी गप्प होते. प्रमुख मंदारदादा म्हणाला, "ही एकटीच निःपक्षपाती दिसते!" मी नाही म्हणायला माइक शोधेपर्यंत ठराव पास!

*

पहिली तक्रार बापूकाकांवर. ते आमचे शेजारी. बँकेतून रिटायर झाले, आता आंब्याची बाग आणि हे ॲप. दुसऱ्यांनी पाठवलेला कोड तपासणं त्यांचं काम. चिन्मयच्या कोडवर त्यांनी लिहिलं, "मेल्या, हे काय केलंस?"

चिन्मय मूळ लांज्याचा, पण पुण्यात नोकरीला लागल्यापासून फार प्रोफेशनल झालाय. त्याने थेट नियम क्रमांक दाखवला.

"अरे, आपल्या माणसालाच मेल्या म्हणतात!" काका म्हणाले. तरी ताकीद मिळाली. मग ते त्याला "अहो चिन्मयराव" लिहू लागले. चार दिवसांत चिन्मयची दुसरी तक्रार आली, "काका माझ्याशी तुटक वागतात."

*

यावर समितीने काकांना आठवडाभर बंद करायचं ठरवलं. पण खातं बंद करायचा अधिकार कोणाकडे? फक्त काकांकडे!

मंदारदादाने चाचरत फोन केला, "काका, जरा स्वतःला बंद करता का?"

"करतो की. नियम म्हणजे नियम."

आठवडा संपला. आता उघडणार कोण? काका आत जाऊ शकत नव्हते आणि बाकी कुणाला अधिकार नव्हता. दोन दिवसांनी काका आपोआप हजर! चौकशी केली तर त्यांनी काकूंच्या खात्यातून स्वतःला उघडलं होतं. काकूंना त्यांनी सगळे अधिकार आधीच देऊन ठेवले होते, "घरातलंच माणूस" म्हणून.

दुसऱ्याचं खातं वापरल्याबद्दल दुसरी ताकीद. काकूंनाही एक, पासवर्ड सांगितल्याबद्दल. काकू म्हणाल्या, "मला खातं आहे?"

*

तिसऱ्या वेळी मात्र कायमचं बाहेर, असा नियम आहे. आणि काकांनी चिन्मयच्या कोडखाली लिहिलं, "याहून आमच्या बागेतलं माकड बरं टाइप करील." सोबत माकडाचा फोटो.

"हा वैयक्तिक हल्ला आहे!" चिन्मय.

"कोणावर? माकडाने तक्रार केलीय?" काका.

सगळे हसले. पण संध्याकाळी काका आमच्या पडवीत येऊन बसले. चहाला हात लावला नाही. हळूच मला म्हणाले, "काय गो, काढतील का मला? मुलगा तिकडे मुंबईला. दिवसभर भांडायला मला आहे कोण दुसरं?"

मी कप उचलून चहा परत गरम करायला घेऊन गेले. समितीचं गुपित होतं ना!

*

रविवारी मीटिंग झाली. जाहीर माफी, नाहीतर बाहेर. कॅमेऱ्यासमोर काका उभे राहिले, डोक्यावर टोपी, हातात नारळ.

"माफी कशी मागतात ते मला येत नाही. देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घालतो." आणि त्यांनी देवळातला आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ही सगली तुजी लेकरं पडद्यावर जमली हायत रं म्हाराजा!"

मंदारदादाच्या तोंडून आपोआप निघालं, "व्हय म्हाराजा!"

"जी काय चूकभूल झाली आसंल, ती पदरात घे रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता तीनचार माइक चालू झाले होते.

"ह्या चिन्मयला पुण्यात बरं घर गावू दे, बरी बायको मिलू दे रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज चिन्मयचा!

"आनि मला काडायचा जो इचार ह्यांच्या डोक्यात आलाय, तो सात समुद्रापल्याड जाऊ दे रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

 मंदारदादाने नियमावली उघडली. त्यात स्पष्ट होतं, हजर असलेल्या सगळ्यांनी तोंडी होकार दिला की निर्णय मंजूर.

"एक मिनिट!" चिन्मय ओरडला. "मी सवयीने म्हणालो!" तेवढ्यात त्याच्या मागून, लांज्याहून चार दिवस राहायला आलेल्या त्याच्या आईचा आवाज आला, जरा उशिरा, पण खणखणीत, "व्हय म्हाराजा!"

मी इतिवृत्तात लिहिलं, "तक्रारदारासह सर्वांचा होकार. तक्रारदाराच्या आईचाही." ते वाचून चिन्मयने कॅमेऱ्यासमोर हात जोडले आणि काकांना म्हणाला, "काका, त्यापेक्षा मला मेल्याच म्हणा!"