उचललेली मापं

तुमसरच्या फर्निचर कारखान्यात मी पंधराएक वर्षं पॉलिश मारलं. तिथला भुसा रोज झाडून टाकता यायचा, किस्से मात्र साचत गेले. त्यातले बहुतेक चोरीचे! मॅट्रिक नापास असलो तरी वाचता येणारा मी एकटाच, म्हणून प्रत्येक चोरीत माझाही हात.

*

आमचा नामदेव मिस्त्री कागदावर नक्शा काढत नसे. प्रत्येक कामाची एक लाकडी पट्टी, तिच्यावर सगळ्या मापांच्या खुणा. एकाची पट्टी दुसऱ्यानं उचलायची नाही, हा सुतारांचा कायदा. आमचे शेटजी सुतार नव्हते!

*

आणीबाणीच्या आसपास नाकाडोंगरीकडच्या खाणीतल्या एका साहेबानं विलायती मासिक आणून दिलं. त्यात आरामखुर्चीचा नक्शा होता. खाली नक्शा काढणाऱ्यानं बारीक अक्षरात लिहिलेलं : घरासाठी करा, विकायची तर परवानगी घ्या. मी वाचून दाखवलं.

शेटजी म्हणाले, "त्याले तुमसर मालूम हाय काय?"

नामदेवला ते पटेना. तो मला म्हणाला, "इचारून तं पाहू, बापू." मी मोडक्या इंग्रजीत त्या नक्शावाल्याला पत्र टाकलं. तीन महिन्यांनी चक्क उत्तर आलं! खुशाल विका, फक्त खुर्चीवर माझं नाव घाला.

शेटजींनी नाव घातलं. स्वतःचं!

*

त्या पहिल्या खुर्चीच्या उजव्या हाताच्या लाकडात गाठ निघाली, म्हणून नामदेवनं तिथं बर्फीएवढा तुकडा बसवला होता. बाजारातल्या दुसऱ्या दुकानदारानं तीच खुर्ची नेऊन नक्कल केली. त्याच्या झाडून साऱ्या खुर्च्यांच्या उजव्या हातावर बर्फी!

शेटजी त्याच्या दारात उभे राहून ओरडले, "लोकायचं डिझाइन चोरायले लाज नाही वाटत काय रे?"

आम्ही खाली मान घालून हसलो. खरं तर रडायला हवं होतं.

*

मग नामदेवनं स्वतःच्या डोक्यातून एक दिवाण काढला. एकही खिळा नाही. आतल्या चार खुंट्या ठरल्या क्रमानं ओढल्या की सगळा सुटा होऊन बैलगाडीत मावायचा. शेटजींनी पट्टी मागितली.

"हे माह्यं हाय, शेटजी."

"लाकूड कोनाचं?" असं म्हणून त्यांनी पट्टी नेलीच. कॅटलॉग छापलं : 'आमचे स्वतःचे डिझाइन. नक्कल करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई.' त्याचं प्रूफ मी तपासलं. त्याची लाज मला आजही वाटते.

*

नामदेवची पोरगी कारध्याला दिली. आंदण म्हणून त्यानं घरच्या सागवानाचा तोच दिवाण केला. शेटजी मांडवात कॅटलॉग घेऊनच आले! "ही माह्या मालाची नक्कल हाय."

व्याह्यांचा चेहरा उतरला. "चोरीचा पलंग आमच्या घरी कायले नेऊ?" नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं. "तुमचा हाय ना, शेटजी? मंग खोलून दाखवा!"

शेटजींनी दिवाणाभोवती चक्कर मारली. इथं ओढलं, तिथं ठोकलं. काही हललं नाही. वऱ्हाडी हसायला लागले, व्याहीसुद्धा.

शेटजींनी हात झटकले. "मालक कवा खोलत बसते काय? नामदेव, खोल रे."

"जी, शेटजी," म्हणत नामदेव उठला आणि त्यानं पहिली खुंटी ओढली.