दाजींचं दुसरं मशीन

जगातली कुठलीही वस्तू ऐनवेळी दगा देणार, यावर आमच्या दाजींइतका भक्कम विश्वास परभणी जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचा नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. घरात ते गजराची दोन घड्याळं लावत आणि दोन्ही वाजतात की नाही हे पाहायला आधीच उठून बसत. पत्र टाकलं की दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल वेगळ्या पेटीत टाकत. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद चालू होते त्या दिवसांत आमच्याकडे, गंगाखेडला, लग्न होतं. दाजींनी अक्काला एसटीत बसवलं, स्वतः रेल्वेने निघाले, आणि आहेर दोघांजवळ एकेक ठेवला. "एक तर पोचंल," म्हणाले. दोघंही वेळेवर पोचले आणि नवरदेवाला दोन सारखेच कंदील मिळाले. अक्का हसून म्हणाली, "मला बी दोन गाड्यांत बसवतेत की काय, याचंच भ्या हाय."

दाजी परभणीला टेलिफोनच्या कचेरीत होते. तिथे सहा बाया सहा टेबलांवर बसून तालुक्यांतून येणारे कॉल नोंदवत आणि पुढे जोडून देत. नव्वदनंतर टेबलांवर कॉम्प्युटर आले. त्यांतला प्रोग्राम एका कंपनीचा होता आणि तो वापरण्याचा परवाना कोपऱ्यातल्या एकाच मशीनमध्ये ठेवलेला होता. प्रत्येक कॉम्प्युटर आधी त्या मशीनला विचारी, 'चालू का?' त्याने हो म्हटलं तरच काम. ते बंद पडलं तर सहाही टेबलं मुकी. दाजींची झोप उडाली. "पाव्हणं, बाया सहा हायत, पण सगळ्यांचा जीव एकाच डब्यात हाय," ते मला म्हणाले. मग दरखास्ती सुरू झाल्या, अर्थात प्रत्येक दोनदा. शेवटी दुसरं मशीन आलं. दाजींनी ते वेगळ्या खोलीत, वेगळ्या लायनीवर बसवलं आणि कंपनीच्या माणसाला गळ घालून असं जमवलं, की पहिलं गप्प झालं तर दुसऱ्याने लगेच हो म्हणावं. मग रोज जेवणाच्या सुट्टीत ते दोन्ही मशीनांसमोर जाऊन उभे राहत, नाडी पाहायला आल्यासारखे.

तपासणीला साहेब आले तेव्हा दाजींनी मोठ्या हौसेने त्यांच्यासमोर पहिलं मशीन बंद केलं. सहाही टेबलं चालूच. एकीनेही मान वर केली नाही. दाजींचा चेहरा उजळला.

साहेबांनी विचारलं, "काय बिघडलं?"

"काहीच न्हाई, साहेब!"

"मग हे ठेवलंय कशाला?"

दाजी समजावत राहिले. पंधरवड्यात दोनांतलं एक मशीन फाजील ठरून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. एक बाई म्हणाली, "एखादं टेबल तरी खोटंखोटं बंद पाडायचं होतं, भाऊसाहेब." दाजींना हसू आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का माहेरी आली होती. एका सकाळी तिच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले, यजमानांना बोलावून घ्या. मी पोस्टात धावलो. परभणी लागेना. पुन्हा पुन्हा मागितल्यावर इथला ऑपरेटर म्हणाला, "तिकडं समदी टेबलं बंद पडलीत, गुरुजी. मशीन गेलंय म्हणतेत." मी शेजाऱ्याला एसटीने पाठवलं आणि घरी आलो. फोन का लागला नाही, ते अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "तू फोन केलता, हे त्यांना सांगू नको. लय लावून घेतील." दुपारी ती गेली.

दाजी संध्याकाळच्या गाडीने आले. दिवसभर उघडून ठेवलेल्या मशीनची धूळ त्यांच्या बाह्यांना लागलेली होती. त्यांनी विचारलं, "पाव्हणं, फोन केलता का?"

"नाही. मला सुचलंच नाही."

ते खाली बघत म्हणाले, "बरं."

साधा एक फोन याला करता आला नाही, असं घरातले पुढे कित्येक वर्षं मला बोलत राहिले. मी ऐकून घेत असे. आता दाजीही गेले, म्हणून हे लिहितो आहे. त्यांना खरं ठाऊक होतं का, हे विचारायचं राहून गेलं. पण तो विषय निघाला, की ते असतील तिथून उठत आणि माझ्याशेजारी येऊन बसत.