हळदीच्या कुकरवरचे बूट

आमच्याकडं आता चपला फक्त म्हाताऱ्यांच्या पायात राहिल्यात. बाळापूरच्या बाजारात जाळीच्या स्पोर्ट बुटांच्या माळा लटकलेल्या असतात. गवंडी तेच घालतो, मास्तर तेच, अन् मांडवात नवरदेवसुद्धा तेच. आमच्या मालकांनीही आणले. दिवसभर उभं राहिलं तरी पाय दुखत न्हाईत, म्हणाले. मी म्हटलं, बरं झालं बाई, पाय दाबायची माझी कटकट गेली.

मालक हळद शिजवायच्या कुकरवर कामाला. हंगामात ट्रॅक्टरमागं कुकर बांधून गावोगाव फिरायचं, अन् त्यांच्या पायांवर आमचं घर चालायचं. शिजलेल्या हळदीचा ड्रम पालथा केला की खाली उकळतं पाणी पसरतं. तिथं माणसं मुद्दाम ढिल्या चपला घालायची. पाणी आलं की चप्पल झटकून बाजूला उडी. माझा बापही त्याच कामाचा, म्हणून मला ठाऊक. हे बूट तर नाड्या आवळलेले, पाणी आलं तर झटकायचे कसे?

मी रोज बोलायची. चपलेतनं पाय सटकतो, बूट पकड धरतो, असं ते समजावायचे. ते काही खोटं नव्हतं, त्याचाच तर मला जास्त राग यायचा. तुला नवीन काही बघवतच न्हाई, म्हणून वर हसायचे.

त्या दिवशी औंढ्याकडच्या एका शेतात मी ताडपत्रीवर हळद पसरून राहिले होते. ड्रम पालथा झाला अन् वाफेत सगळं दिसेनासं झालं. मग त्या वाफेतून मालक ओरडले. माणूस असं ओरडतो हे मला माहीत नव्हतं. पाणी जाळीतून आत शिरलं अन् आतच राहिलं. मालक खाली बसून नाडी ओढत होते, ती ओली गाठ काही सुटेना. मी गार पाण्याची घागर ओतली, कुणीतरी विळ्यानं नाडी कापली. बुटासोबत मोजा निघाला, मोज्यासोबत कातडी.

हिंगोलीच्या दवाखान्यात काही दिवसांनी जखम चिघळली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, उजवा पाय घोट्यापासून काढावा लागेल.

आत गेले तर मालक पट्टीकडं एकटक बघत होते.

"बोटं हलवून राहिलो मी," ते म्हणाले. "हलून राहिलीत का, बघ बरं."

मी वाकून बघितलं. पट्टीत काहीच हलत नव्हतं.

"व्हय," मी म्हटलं. "हलून राहिलीत."