सुनांच्या नावांचे बोगस डिप्लोमे

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू फुटतं आणि मग कपाळाला घाम येतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. गंमत अशी की अख्खं प्रकरणच नावाचं होतं!

मी तेव्हा आकुर्डी भागातल्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. एका सकाळी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, इथं झेरॉक्सच्या दुकानात डिप्लोमे बनतात राव! बायका रांग लावतात."

त्याच आठवड्यात चाकणच्या एका कंपनीचा तक्रार अर्ज आला. नव्यानं निवडलेल्या एका मुलीचा डिप्लोमा शासनाच्या ब्लॉकचेन पडताळणीत नापास झाला होता. आमचा अहवाल येईपर्यंत तिची नोकरी अडकली होती. अहवाल विरोधात गेला तर नोकरी गेलीच, वर बनावट कागदपत्राचा गुन्हा.

ब्लॉकचेन ही काय भानगड आहे, ते मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. आमच्या स्टेशन डायरीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर पुढे नवी नोंद करायची. आता हीच डायरी एकाच वेळी गावोगावच्या ठाण्यांत लिहिली जाते आणि प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला शिवलेली आहे, असं समजा. एका ठाण्यात कुणी हातचलाखी केली तर बाकीची सगळी ठाणी बोंब मारणार. डिप्लोमा देतानाच त्याची अशी नोंद होते; नंतर फाइलीत एक काना बदलला तरी पडद्यावर लाल खूण!

झेरॉक्सवाल्याला ठाण्यात आणलं. त्याच्या कॉम्प्युटरवरचे डिप्लोमे एकेक करून तपासले; त्या मुलीचाही त्यातच होता. सगळे लाल! मी मनातल्या मनात पत्रकार परिषदसुद्धा घेऊन टाकली.

मग त्या मुलीला जबाबासाठी बोलावलं. सोबत सासरे आले, चाकणजवळच्या गावातले शेतकरी. महिला अंमलदार शेजारी बसल्या आणि मी नेहमीचा पहिला प्रश्न टाकला.

"नाव?"

मुलगी चाचरत म्हणाली, "कुठलं सांगू साहेब? माहेरचं का सासरचं?"

या प्रश्नावर आजवर एकही आरोपी अडला नव्हता!

"डिप्लोम्यावर कुठलं आहे?"

"आता सासरचं."

"आता म्हणजे?"

सासरे ताडकन उठले. "मी बदलून आणलं साहेब! रेशनकार्डावर बदललं, आधारवर बदललं, मंग ह्या कागदावर जुनं कशाला ठिवायचं? सून आमची हाय. आमी काय चोरी केली व्हय?"

कोपऱ्यात बसवलेल्या झेरॉक्सवाल्याला जोर चढला. "बघा साहेब! बोगस एक बी न्हाई. मी फक्त सुनांची नावं बदलून देतो. लग्नसराईत लई गर्दी असती."

महिला अंमलदारांनी तोंडाला रुमाल लावला. माझी पत्रकार परिषद तिथंच बरखास्त झाली.

मुलीच्या जुन्या मेलमध्ये मूळ फाइल सापडली. ती पडताळणीला टाकली आणि आम्ही सगळे, सासऱ्यांसकट, पडद्यावर वाकलो. हिरवी खूण! माहेरच्या नावानं, जशीच्या तशी. बाकीच्या सुनांच्या मूळ फाइलीही तशाच निघाल्या. फसवणुकीचा हेतू नाही, डिप्लोमा अस्सल, असा अहवाल मी त्याच दिवशी कंपनीला पाठवला. झेरॉक्सवाल्यावर मात्र कारवाई झाली. हौस कुणाचीही असो, शासनाच्या कागदावर हात चालवायचा नसतो.

या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच: कागद बदललाय हे यंत्र सांगतं, का बदलला हे माणसाला विचारावं लागतं. पण ज्या नोंदीनं त्या मुलीला अडकवलं, तिनंच तिला सोडवलंही. उद्या सातबारा, जातीचे दाखले, सगळंच असं नोंदवलं गेलं तर किती जणांचे हेलपाटे वाचतील! त्या दिवसाची मी आनंदानं वाट पाहतोय.

जबाब संपवून दोघं निघाली तेव्हा मी सासऱ्यांना समजावलं, "लग्नाची नोंद पुढे जोडता येईल अशी सोय होईल कधीतरी. पण जुनं नाव पुसता येणार नाही."

ते दारात थांबले. सुनेकडे बघत म्हणाले, "न्हाई पुसत तर ऱ्हाऊ द्या की. शिकली ती त्याच नावानं."

पुढे तिच्या कंपनीच्या गेटपासवर तेच माहेरचं नाव आलं.