बाहेरून आलेलं नाक

उल्हासनगरच्या एका बर्फाच्या कारखान्यात हरिचंद्रनं तेहतीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळला. बर्फ गोठवायला तिथं अमोनिया वापरतात. पाइप गळायला लागला की आधी नाकाला कळतं. पण नव्या माणसाला हरिचंद्र पहिल्या दिवशी बजावायचा, "आत बसलेल्याच्या नाकावर भरवसा ठेवू नको. नाक सरावतं. बाहेरून येईल त्याला विचार."

आता तो कुळगावात घरीच असतो. चार वर्षांपासून किडन्या अधू. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन दोन पॉइंट आठवर अडून होतं. फार चढलं तर डायलिसिस, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं.

एका सकाळी त्याची बायको कौसाबाई भाजी घेऊन आली, मोरीपर्यंत गेली आणि नाकाला पदर लावून परतली.

"अहो, बर्फाचा कारखाना घरी आणलात काय?"

"मला तर काय वास येत नाय."

"तुम्हाला कसा येईल? तुम्ही आत बसलेले."

आपलंच वाक्य आपल्यावर उलटलेलं ऐकून हरिचंद्र उठला. त्यानं चपला घातल्या, चामटोलीच्या रस्त्यानं अर्धा तास चालून आला आणि थेट मोरीत शिरला. नाकात झोंबलं. अमोनियाच. जुनी ओळख, चुकणार कशी?

मग गळती शोधतात तसा तो वासाच्या मागे लागला. पुढचे दोन दिवस दर वेळी आधी अंगणात फेऱ्या, मग मोरी. वास त्याच्याच लघवीचा निघाला: सकाळी उग्र, रंगही गडद. दुपारी जेवताना पाणी पोटात गेलं की जरा सौम्य. जळजळ नाही. तिसऱ्या दिवशी हे सगळं त्यानं डॉक्टर हिमानींना क्रमानं सांगितलं.

"काका, पाणी किती पिता?"

"तीन पेले. महिना झाला. शेजारचा आनंदा, तुमच्याकडेच येतो तो, म्हणाला, किडनीवाल्यानं पाणी तोडायचं."

"आनंदांचं डायलिसिस चालू आहे, अंगावर सूज येते, म्हणून त्यांना पाणी कमी. तुमच्या पायाला सूज नाही. मी पाणी तोडायला सांगितलं होतं?"

"नाय."

"पाणी कमी म्हणून लघवी घट्ट, म्हणून वास. जंतूंमुळेही येतो, तेही तपासू."

जंतू निघाले नाहीत. क्रिएटिनिन मात्र तीन पॉइंट चार झालं होतं. हरिचंद्रनं कागद दोनदा वाचला.

डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलं. त्यानं बाटलीवर खुणा केल्या आणि एकही खूण चुकवली नाही. तीन आठवड्यांनी आकडा दोन पॉइंट नऊवर आला.

"बायकोला वास आला नसता तर?" त्यानं विचारलं.

"तर तुम्ही तीन पेल्यांवरच राहिला असता," डॉक्टर म्हणाल्या.

आता कौसाबाई बाजारातून आली की तो मोरीच्या दाराशी उभा असतो.

"सांग."

"फिनेल."

"नीट घे. परत बाहेर जाऊन ये."

"एकदा घेतला तो बस झाला. ही मेथी निवडा."