चाळणीतला भात

अकरा महिन्यांच्या पोराच्या घशात नळी घालायची वेळ आली, तेव्हा कुठं माझ्या तोंडातून खरं बाहेर पडलं. तोवर तीन महिने मी बेशरमपणे गप्प होते.

हैदराबादेत आमच्या अंबरपेठेतल्या घरात वरच्या मजल्यावर पुण्याचं एक जोडपं भाड्यानं राहायला आलं. दोघंही कम्प्युटरवाले. त्यांना मूल झालं, सहा महिन्यांनी तिची रजा संपली, आणि एका सकाळी ती बाळाला कडेवर घेऊन खाली आली. "काकू, थोडे दिवस सांभाळाल का? ऑफिसजवळच्या पाळणाघरात घास चावून खाणारी मुलंच घेतात. हा जेवायला लागला की लगेच नेऊ तिकडे."

"हौ, ठेव की," मी म्हटलं. "त्यात विचारायचं काय?"

मला मूल नाही. तीस वर्षं शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना ओरडण्यात गेली, पण माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपलेलं असं हे पहिलंच. आठ दिवसांत मला त्याच्याशिवाय चहा गोड लागेना.

सुरुवातीला सगळं पातळच होतं. मुगाचं वरण, गाजर, रताळं, मऊ भात, मिक्सरमधून काढायचं आणि चमच्यानं भरवायचं. वाटी दिसली की पोट्टा मांडीवर हात आपटून "बुव्वा, बुव्वा" करायचा. शेजारच्या तेलुगू घरात लहान पोरांच्या भाताला बुव्वा म्हणतात, तेच मी शिकवलं होतं. त्याची आई हसायची. "काकू, तुम्ही याला पुरता हैदराबादी करून सोडणार!" मी मनात म्हणायची, सोडणार कोण आहे?

आठवा महिना लागला तसा तिनं माझ्या फ्रिजवर एक कागद चिकटवला. मिक्सर बंद, आता काट्यानं कुस्करून द्यायचं. मग हळूहळू बोटाएवढे मऊ तुकडे. मी मान डोलावली. ती ऑफिसला गेली आणि मी मिक्सर लावला. वर चाळणीतूनही गाळलं, एक शीत राहायला नको म्हणून. आमच्या ह्यांनी पेपरमधून डोकं वर काढलं. "अगं, त्याला दात आलेत. चाळणी कायकू?"

"तुम्ही चुप बसा. घशात अडकलं तर तुम्ही निस्तरणार काय?"

ती भीती एक आणा होती. चावायला शिकला की जाईल, ही भीती पंधरा आणे. संध्याकाळी ती विचारायची, "काकू, खाल्ले का तुकडे?" आणि मी सांगायची, "नाही गं, थुंकून टाकतो."

सुट्टीच्या दिवशी ती स्वतः भरवायला बसायची. भाताचं एक शीत जिभेवर गेलं की पोट्ट्याला उबळ यायची, तोंड लालबुंद व्हायचं. एकदा ती रडतच खाली आली. "काकू, याच्या घशातच काही दोष असेल का हो?" तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी तिला पाणी दिलं.

शेवटी कोठी भागातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, वजन केलं, म्हणाले, "थोडी भूल देऊन, नळी घालून घसा बघावा लागेल."  मग त्यांनी विचारलं, "दिवसभर काय खातो?"

"काकू सगळं देतात," ती म्हणाली. "हाच खात नाही."

पोट्टा माझ्या मांडीवर होता. माझ्या गळ्यातले काळे मणी तोंडात घालून चारही दातांनी कुरतडत होता. मला ते बघवेना.

"थांबा," मी म्हटलं. "नळी नक्को. त्याला चावायला कुणी दिलंच नाही काही. मी चाळून देते."

"का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तो जाईल म्हणून."

ऑटोत तिनं पोराला माझ्या मांडीवरून उचलून स्वतःकडे घेतलं. गेटपाशी उतरल्यावर म्हणाली, "मला वाटत होतं, माझ्या पोरालाच काहीतरी झालंय." मग गेट उघडता उघडता, "दुसऱ्या कुणाच्या हातून तो खाणार नाही. आता तुम्हीच शिकवा." त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चाळणी माळ्यावर टाकली. त्याला समोर बसवायचं, आपण चावून दाखवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग काय, मी म्हातारी रोज त्याच्यासमोर मांडी घालून, मोठ्ठं तोंड करून रिकामंच चावायची. "असं बघ, बाबू. हल्लू हल्लू." तो टक लावून बघायचा, खिदळायचा आणि रिकाम्या तोंडानं माझी नक्कल करायचा. मग कुस्करलेला भात दिला. थुंकला. उबळ आली, माझा जीव खालीवर झाला, पण मिक्सरला हात लावला नाही. पुढं उपीट, मग उकडलेला बटाटा. महिनाभरात एके दुपारी त्यानं माझ्याच ताटातला वरणात भिजलेला भाकरीचा तुकडा उचलला, चावला, गिळला आणि आ करून मला रिकामं तोंड दाखवलं.

"खाल्लं गं बाई, खाल्लं!" मी ओरडले, आणि पदर तोंडाला लावला.

"आता रडते कायकू?" हे म्हणाले.

"तुम्हाला नाही समजायचं."

त्यांना समजलं होतं. उठून त्यांनी मला पाणी आणून दिलं.

पुढच्याच महिन्यात वरच्या जोडप्यानं ऑफिसजवळ, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला घर घेतलं. सामानाचा टेम्पो पुढं गेला. ती माझ्या पाया पडली, म्हणाली, "येत जा काकू." मी "हौ" म्हटलं. ती त्याला घेऊन गाडीत बसली. काचेतून तो माझ्याकडे बघत होता. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं तर शब्द फुटेना, नुसता जबडा थरथरत राहिला. पोट्ट्याला वाटलं, काकू शिकवतेय. त्यानं तोंड मोठ्ठं केलं आणि रिकामंच चावायला लागला, हल्लू हल्लू, शिकवलं होतं तस्सं.

मी काय करणार? मीही चावायला लागले. गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी गेटपाशी उभी राहून चावत होते.